बिसी आँटी, तुमचा एक शब्द

बिसी आँटी,

हे मराठीत लिहितेय. यातलं एक अक्षरही तुम्हाला वाचता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे. आधी इंग्रजीतच लिहायला बसले होते, पण पहिल्याच ओळीत अडले. इंग्रजीत तुम्हीही 'यू' आणि गाडीतला तिकीट तपासनीसही 'यू'. पंधरा वर्षं मी तुम्हाला 'यू' म्हणत आले आणि दर वेळी आतून जरा ओशाळत आले. तुमच्या योरुबातही वडीलधाऱ्यांशी एकेरी बोलत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तेव्हा आज निदान माझ्या भाषेत तरी तुम्हाला 'तुम्ही' म्हणून घेते. गेल्या गुरुवारी तुम्ही गेलात. आता मला मध्येच थांबवून 'पुढचं वाक्य, इया ईशान' म्हणणारं कुणी नाही.

इया ईशान म्हणजे ईशानची आई. नायजेरियात तुमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, हे कळलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडेही अगदी हेच. त्यावर तुम्ही काही तरी मोठा शोध लागल्यासारखा माझा हात हलवला होता. माझं अपर्णा हे नाव तुम्ही एजन्सीच्या कागदांपुरतंच ठेवलंत.

आपण दोघी एकाच एजन्सीच्या दुभाषी. तुम्ही योरुबाच्या, मी मराठीची. तुम्हाला आठवड्याचे पाचही दिवस काम असायचं. मला मात्र पुण्या-नागपूरहून मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या एखाद्या काकांच्या छातीत दुखेपर्यंत वाट पाहावी लागायची. रीडिंग शहरातल्या त्या एजन्सीत मी नवखी असताना तुम्ही मला हाताशी धरलंत. खुर्ची अशी ठेव की पेशंटला तुझा चेहरा दिसेल आणि डॉक्टरला पेशंटचा. वाईट बातमी द्यायची असेल तर आत जाण्याआधी पाणी पिऊन घे, घसा कोरडा पडला की आवाज खोटा वाटतो. बाहेर आल्यावर लगेच ट्रेन पकडू नकोस, दहा मिनिटं चाल. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. आता मी स्वतः नव्या मुलींना शिकवते, आणि हे सगळं तुमचं नाव न घेता माझं म्हणून सांगते.

नियमही तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलेत. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. पेशंट 'मला दुखतंय' म्हणाला तर आपणही 'मला दुखतंय' म्हणायचं, कारण त्या खोलीत आपण कुणी नसतोच. स्वतःबद्दल बोलायची वेळ आलीच तर 'मी' नाही म्हणायचं, 'दुभाषी' म्हणायचं. दुभाषीला शब्द नीट ऐकू आला नाही. दुभाषीला पाणी हवंय. हे ऐकून मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नव्हतात.

आणि मग तो शब्द. रीडिंग स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला, मी दोन पायऱ्या घसरून खाली बसले. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, 'पेले'. दोन्ही ए तोंड जरा जास्त उघडून. तोवर शेजारून जाणारी तीन माणसं मला 'सॉरी' म्हणून गेली होती. इथे इंग्लंडात सॉरीचा अर्थ बहुतेक वेळा 'बाजूला व्हा' असा असतो. पेले म्हणजे काय, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, सॉरी. मी म्हटलं, तुम्ही कुठे मला ढकललंत? तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी, त्याच पायरीवर, तुमच्या चांगल्या कोटासकट बसलात आणि समजावलंत. पेले म्हणायला चूक आपली असावी लागत नाही. कुणी ठेचकाळलं की म्हणायचं. कुणाचं माणूस गेलं की म्हणायचं. वाटेत कुणी वडीलधारं दिसलं तर नुसता नमस्कार म्हणूनही म्हणायचं. आणि कुणी गरम पातेलं घेऊन चाललं असेल तर दोनदा म्हणायचं, पेलेपेले, म्हणजे हळू, जपून.

मी म्हटलं, आमच्याकडे पेले म्हणजे पाणी प्यायची भांडी. तुम्हाला ते फार आवडलं. मग माझ्या मराठीच्या अभिमानाने उचल खाल्ली आणि मी सांगितलं की पेलणं म्हणजे ओझं तोलून धरणं. तुम्ही पर्समधून डायरी काढून ते लिहून घेतलंत. त्यानंतर तुम्ही मला छळायला मोकळ्या झालात. तुमच्या पेलेला मराठीत शब्द सांग. मी म्हटलं, अरेरे. तुम्ही विचारलंत, हे पडायच्या आधी म्हणतात का? नाही, पडल्यावर. मग मी म्हटलं, जपून. हे पडल्यावर म्हणतात का? नाही, आधी. मला आधीही चालेल आणि नंतरही चालेल असा एकच शब्द हवा, असा तुमचा हट्ट. मराठीला कुणी कमी लेखलेलं मला खपत नाही. मी आठवडाभर शब्द शोधत बसले. असू दे, सावकाश, सांभाळा, लागलं का गं. एकही तुमच्या पसंतीला उतरला नाही. मग एकदा वेटिंग रूममध्ये स्वाहिलीचे दुभाषी, ते केनियाचे गृहस्थ भेटले. ते म्हणाले, आमच्याकडे 'पोले'. कुणाला लागलं तर पोले, आणि पोलेपोले म्हणजे सावकाश. तुमचा चेहरा असा झाला की जणू हरवलेली बहीण सापडली. दोन भाषांचं आपसात काही नातं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, नातं नसेल, पण शेजार असेल. मला मात्र तुम्ही त्यानंतरही सोडलं नाहीत. वाद तसाच राहिला. तुमच्या पेलेला मराठी शब्द मी अजून दिलेला नाही.

आपला खरा वाद दुसराच होता. मी नियमाची इतकी पक्की का, ते तुम्हाला माहीत होतं. माझ्या सासूबाई इकडे आल्या असताना त्यांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट समजावताना दुभाषी म्हणून ओळखीतल्या एक काकू बसल्या होत्या. डॉक्टर जे म्हणाले ते काकूंनी मायेपोटी मऊ करून सांगितलं. छोटीशी गाठ आहे, काळजीचं काही नाही. सासूबाई निश्चिंत मनाने नागपूरला परतल्या, आणि खरं काय ते कळेपर्यंत सहा महिने वाया गेले होते. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपत बसले होते तेव्हाच ठरवलं की हे काम शिकायचं आणि चोख करायचं. दुभाष्याने दया दाखवायला सुरुवात केली की ती कुठे थांबेल याचा नेम नाही, असं मी तुम्हाला म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, दया आणि थाप यांतला फरक मला कळतो, इया ईशान. मी म्हणायचे, काकूंनाही वाटलं होतं की त्यांना कळतो. इथवर आलो की तुम्ही चहा मागवायचात.

मग ते निरीक्षण आलं. एजन्सीचा नियम, दर दुभाष्याच्या कामाच्या वेळी दुसऱ्या एकाने कोपऱ्यात बसून फॉर्म भरायचा. तुमच्यासाठी माझं नाव निघालं. मला योरुबा येत नव्हती, पण फॉर्म बसण्या-बोलण्याच्या शिस्तीचा होता, भाषेचा नव्हता. आपण दोघी गंमत वाटून हसलोही होतो. हॉस्पिटलची ती छोटी खोली, एक तरुण बाई, सहावा महिना. कन्सल्टंट डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळाच्या हृदयाचे ठोके थांबले आहेत. तुम्ही एकही शब्द मऊ न करता सांगितलंत. पुढे काय करावं लागेल ते कन्सल्टंट म्हणाल्या, तेही तुम्ही सांगितलंत. मग कन्सल्टंट थांबल्या. ती बाई पुढे वाकली, कपाळ जवळजवळ गुडघ्यांना टेकलं. तुम्ही हातातली वही टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, 'पेले'. थोडं थांबून पुन्हा, 'पेले'. मग वही उचललीत.

फॉर्मवरचा सातवा प्रश्न होता, दुभाष्याने स्वतःच्या मनाने काही म्हटलं का. होय किंवा नाही, आणि खाली शेऱ्यासाठी एक ओळ. कन्सल्टंटना कळलं नव्हतं की ते शब्द तुमचे होते. एजन्सीत कुणालाही कधी कळलं नसतं. योरुबातला फक्त एकच शब्द मला येत होता, आणि तो तुम्ही मला स्टेशनच्या जिन्यावर बसून शिकवला होता. मी 'होय'वर खूण केली. शेऱ्यात तो शब्द लिहिला, आणि पुढे 'दोनदा' असंही लिहिलं.

लिहिताना मला सासूबाई दिसत होत्या, हे खरं आहे. पण आज कबूल करते, थोडी ऐटही होती. ओळखीचं माणूस असलं तरी मी फॉर्म खरा भरते, ही ऐट. तुमचं हॉस्पिटलचं काम चार महिने बंद झालं. वीस वर्षं काम केलेल्या तुम्हाला एक दिवसाच्या उजळणी वर्गाला बसवलं. शिकवणारी तुमच्या लेकीच्या, केमीच्या वयाची होती. तुम्ही गेलात, वही घेऊन पहिल्या ओळीत बसलात. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्यानंतर आपण भेटलो ते रीडिंगच्या प्लॅटफॉर्मवर. माझ्या घराकडची, मेडनहेडची गाडी यायला वेळ होता. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, 'तू बरोबर लिहिलंस. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.' तुमच्या आवाजात राग नव्हता, निदान मला तो सापडला नाही. मी नियमाबद्दल काहीतरी बोलायला लागले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग एवढंच विचारलंत की, 'तुझ्या सासूबाईंना त्या काकूंनी सगळं खरं सांगितलं असतं आणि नंतर दोन शब्द म्हटले असते, तर तू त्यांच्यावर खूण केली असतीस?' तेवढ्यात माझी गाडी आली. गाडी आली याचं मला इतकं बरं वाटलं की आजही आठवलं की लाज वाटते. त्या प्रश्नाचं उत्तर मी कधीच दिलं नाही, आणि तुम्ही पुन्हा विचारलंही नाहीत.

बाहेरून बघणाऱ्याला काही बदललं असं वाटलं नसतं. आपण चहा पीत राहिलो. ईशानच्या परीक्षा, केमीचं लग्न, तुमचे गुडघे, सगळं बोलत राहिलो. पण मग माझे बाबा गेले. मी पुण्याहून परतल्यावर तुम्ही आईस्क्रीमच्या मोठ्या डब्यात तुमच्याकडचा लाल जोलोफ भात भरून मेडनहेडला आलात, दोन गाड्या बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी. दारात उभ्या राहून म्हणालात, 'आय अॅम सॉरी फॉर युअर लॉस.' रिसेप्शनवरची बाई म्हणते तसं, नीट, सगळे शब्द जागच्या जागी. मी वाट पाहत राहिले. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन भात गरम केलात, मला वाढलात, माझ्या समोर बसून मी जेवेपर्यंत थांबलात. तुम्ही दुसरं काही म्हणाला नाहीत. तो शब्द तुम्ही माझ्यापुरता परत घेतला होतात. एवढीच शिक्षा तुम्ही मला दिलीत. मीही शहाण्यासारखी गप्प बसले, कारण तेव्हाच्या तेव्हा पाय धरावेत एवढी अक्कल मला नव्हती.

आज मला काय वाटतं ते सांगते. नियम चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण तो तुमच्यावर मी चालवायला नको होता, तुम्हीच दिलेल्या शब्दाने तर मुळीच नको होता. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. त्या काकूंनी खरं सांगून नंतर दोन शब्द म्हटले असते, तर मी जन्मभर त्यांचे उपकार मानले असते.

हे सांगायला मला दोन आठवडे मिळाले होते. केमीचा फोन आला की तुम्हाला स्ट्रोक झालाय, उजवी बाजू गेलीय आणि इंग्रजी पूर्ण पुसली गेलीय, फक्त योरुबा शिल्लक आहे. केमी इथेच जन्मली, तिला योरुबा कळते पण बोलायला गेली की अडखळते. शिवाय आजाराचं बोलणं घरच्यांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही, हा नियम आहे. तेव्हा तुमच्यासाठी दुभाषी बुक करावा लागला. तुमच्यासाठी, बिसी आँटी. मी फोन ठेवला. मग माझ्या लक्षात आलं की मी भेटायला आले तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे तो एकच शब्द आहे, आणि तो म्हणायचा हक्क मी गमावलाय. मी दोन आठवडे काही ना काही निमित्त काढलं. एकदा ईशानचं, एकदा रेल्वेचं. शेवटी शनिवारी नक्की येते असं केमीला कळवलं. तुम्ही गुरुवारी गेलात.

काल संध्याकाळी यिंकाचा फोन आला. मी शिकवलेल्या पहिल्या बॅचमधली ती पोरगी, योरुबाची, माझ्यासारखीच काटेकोर. तुमच्यासाठी बुक झालेली दुभाषी ती होती, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली, मॅडम, एक विचारायचंय. मी म्हटलं, विचार. तिने सांगितलं ते असं. मंगळवारी डॉक्टर आले. आता उपचारांचा उपयोग नाही, त्रास होणार नाही एवढं आपण बघू, असं ते म्हणाले. तिने एक शब्द इकडचा तिकडे न करता ते तुम्हाला सांगितलं. सांगताना शेवटच्या वाक्याला तिचा आवाज हलला. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवलात आणि म्हणालात, 'पेले'.

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, असं तिला शिकवलेलं होतं. ती डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, 'पेशंट दुभाषीचं सांत्वन करत आहेत.'

डॉक्टर थँक यू म्हणाले, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

'मॅडम, हे बरोबर होतं ना?' यिंकाने विचारलं. नियमाने शंभर टक्के बरोबर होतं. फॉर्म माझ्या हातात असता तर एकही खूण चुकीच्या चौकटीत पडली नसती. मी 'बरोबर होतं' म्हटलं, आणि पलीकडे ती रडायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत आलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडेना. मी तिला विचारलं, कुठे राहतेस. हॅरो, ती म्हणाली. मी कोट घातला आणि निघाले.

तिच्या छोट्या खोलीत बेडच्या कडेला बसून मी तिला सगळं सांगितलं. जिना, फॉर्म, प्लॅटफॉर्म, भाताचा डबा. तुम्हाला सांगायचं होतं ते, त्याच क्रमाने. माझं संपल्यावर ती नाक पुसत म्हणाली की डॉक्टर गेल्यावर ती टाइमशीटवर नर्सची सही घ्यायला थांबली होती, तेव्हा तुम्ही तिला एक प्रश्न विचारला होतात. तो तिने कुणाला भाषांतर करून सांगितला नव्हता, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

'काय विचारलं?' मी म्हटलं.

'तुला हे काम कुणी शिकवलं, असं. मी तुमचं नाव सांगितलं.'

'मग?'

'मग काही नाही. माझ्या मनगटावर त्यांचा हात होता तो त्यांनी काढला नाही. नर्स येईपर्यंत तसाच होता.'